विहिरी ढगात हलवण्याबाबत

कोरेसर तालुक्यातल्या एकशे बारा विहिरी केतकी दुधभातेच्या संगणकात होत्या, आणि दुपारी ती डबा खायला उठली की तालुक्यात कुठेही पाणी यायचं नाही.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी भूजल मोजणी उपकार्यालयात संगणक आला, तेव्हा विहिरींच्या पातळ्या वहीतून संगणकात चढवल्या होत्या, आणि पातळीच्या मागोमाग पाणीही आलं. विहीर गावात होतीच. दगडी काठ, रहाट, पायऱ्यांवरचं शेवाळ, सगळं जागच्या जागी. फक्त पाणी 'डी' ड्राइव्हमध्ये होतं. 'अहवाल' नावाच्या फोल्डरमध्ये 'विहिरी', त्यात 'विहिरी नवीन', आणि त्यात 'विहिरी नवीन फायनल'. संगणक जागा असला की पाणी चालू. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की तो झोपायचा आणि पासवर्ड फक्त केतकीला ठाऊक. मग गावोगावच्या बायका कळशा पालथ्या घालून काठावर बसायच्या आणि एकमेकींना सांगायच्या, "बाई जेवाया गेल्या वाटतं."

केतकी बीएस्सी झाली होती, पहिल्या वर्गात, पण जात्याच भित्री. शेजारच्या टेबलावर स्टेपलर वाजला तरी दचकायची. एकदा तिचं कोपर कीबोर्डला लागलं आणि पिंपरणी गावची विहीर चार फूट खाली गेली. तेव्हापासून ती दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरून काम करायची. शनिवार-रविवारीही ती सकाळी येऊन बसायची, कारण सुट्टीच्या दिवशी तहान लागत नाही असं काही नसतं. चौदा महिन्यांत तिने एकही रजा घेतली नव्हती.

आणि आता तिला रजा हवी होती. आईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती, दोन्ही वेळा विहिरींपायी. शिबिराचे डॉक्टर सव्वीस मार्चला जिल्ह्याच्या गावी येणार होते, त्यानंतर थेट दिवाळीला.

"केते," आई फोनवर म्हणाली, "काल मी चहात मीठ घातलं. शेजारच्या विमलवहिनींनी पिऊन टाकला गं, काही बोलल्या नाहीत बिचाऱ्या."

"आई, मी येते. ह्या वेळी नक्की."

"नुसतं ऑपरेशनपुरतं नाही. तीन दिवस दर दोन तासांनी डोळ्यात थेंब घालायचेत, आणि मला मेलीला बाटलीचं तोंड दिसत नाही. मागच्या वेळी पण तू नक्की म्हणाली होतीस."

"मागच्या वेळी वेगळं होतं."

"तुझ्या विहिरींना सांग, आईला एकच पोरगी आहे."

केतकीने फोन ठेवला. विहिरींना सांगून उपयोग नव्हता, कार्यालयाचे प्रमुख टेंगसे साहेब, त्यांना सांगायला हवं होतं. साहेब म्हणाले, "दुधभाते, मी नाही कुठं म्हणतोय? पण तुम्ही गेलात की चार दिवस तालुका कोरडा. मग कलेक्टर ऑफिसातून फोन मला येतो, तुमच्या मातोश्रींना नाही."

परिपत्रक आलं ते तीन मार्चला. विषय असा होता: 'अहवालांचे सर्व स्रोत स्थानिक फोल्डरमधून सामायिक मेघसाठ्यात हलवण्याबाबत.' मुदत महिनाअखेर. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की मेघसाठा कोठूनही उपलब्ध असतो आणि कोणा एकाच्या यंत्रावर अवलंबून नसतो.

साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "म्हणजे विहिरी ढगात न्यायच्या."

"सर, मला वाटतं," केतकी चाचरत म्हणाली, "त्यांना माहितीचे स्रोत म्हणायचं असेल. अहवाल ज्या फाइलींवरून तयार होतो, त्या फाइली."

"आपल्या खात्यात स्रोत म्हणजे काय?"

"विहीर, सर."

"आणि पाणी ही माहिती नाही का?"

 केतकीने परिपत्रकातली शेवटची ओळ पुन्हा वाचली. कोणा एकाच्या यंत्रावर अवलंबून नसतो. 

"सर, हे पूर्ण झालं तर मला सव्वीसपासून चार दिवस...?"

"जा की. पण एकशे बारा म्हणजे एकशे बारा. एकशे अकराला रजा नाही."

पुढच्या मंगळवारी जिल्ह्याहून ढग आला. सोबत पत्र होतं, दोन प्रतींत. ढग कार्यालयाच्या गच्चीवर येऊन उभा राहिला, साधारण मंगल कार्यालयाएवढा. साहेबांनी गच्चीवर जाऊन त्याची पाहणी केली आणि पोचपावतीवर लिहिलं, 'एक ढग मिळाला. स्थिती चांगली. डावी बाजू किंचित विरळ.'

"रिकामा दिसतोय," रज्जाकभाई म्हणाले. रज्जाकभाई मुजावर कार्यालयाचे मोजणीदार. तीस वर्षं तालुक्यातल्या विहिरींत फीत सोडून पातळी मोजत आले होते. बाहेरून नुसता काठ बघून पाणी किती हात आहे हे सांगायचे, आणि फीत टाकल्यावर तेवढंच निघायचं.

"रिकामाच देतात, रज्जाकभाई. भरायचा आपण."

"मार्चमधे ढग!" त्यांनी मान हलवली. "सरकार काय पण करील. फीत वरून खाली सोडायची का खालून वर, तेवढं सांगा, मॅडम."

नियमाप्रमाणे आधी प्रत्येक गावाची संमती घ्यायची होती. पाच दिवसांची मुदत दिली, आणि संमतिपत्रं दोन दिवसांतच आली. लोकांना दुपारच्या त्या तासाचा कंटाळा आला होता. एकशे अकरा गावांनी सह्या केल्या. एका गावाने केली नाही. खडकमाळच्या कागदावर सहीच्या जागी कुणीतरी एकच ओळ लिहिली होती: 'सामायिक म्हणलं की आमी न्हाई.'

"त्यांचं मागाहून बघू," साहेब म्हणाले. "बाकीच्या तर हलवा. कट करा आणि तिकडे पेस्ट करा, झालं."

केतकीच्या तोंडचं पाणी पळालं. "सर, कट केलं आणि मध्येच लाइट गेली तर? विहीर इथेही नाही आणि तिथेही नाही."

"मग?"

"आधी कॉपी करू. वर पोचली की रज्जाकभाई मोजतील. पातळी जुळली की मग इथली पुसू."

साहेबांना हे वेळकाढू वाटलं, पण त्यांनाही फोन नकोच होता. तीन दिवस काम चाललं. केतकी एकेक विहीर ओढून ढगात सोडायची. रज्जाकभाई गच्चीवर शिडी लावून ढगात फीत सारायचे आणि वरून ओरडायचे, "पिंपरणी, सात मीटर वीस!" केतकी खालून बघून म्हणायची, "जुळलं!" मग ती अहवालात त्या विहिरीचा जुना पत्ता खोडून ढगाचा पत्ता घालायची, आणि त्याच क्षणी पिंपरणीतल्या बायकांचे दोर खाली जायचे थांबून वर जायला लागायचे. कळशी वर भिरकावायची, दोर ढगात शिरायचा, ओढली की भरलेली खाली यायची. ढग होता कोरेसरला, पण दोर कुठूनही टाकला तरी त्यातच जायचा. परिपत्रकात तसं लिहिलेलंच होतं. पहिल्या दिवशी दोन-तीन कळशा डोक्यात पडल्या, मग बायकांना अंदाज आला. पोक काढून ओढण्यापेक्षा हे बरं, कमरेला आराम आहे, असंच पुष्कळजणी म्हणाल्या.

शनिवारी संध्याकाळी एकशे अकरा विहिरी ढगात होत्या. केतकीने आईला फोन करून सांगितलं, "पिशवी भरून ठेव."

सोमवारी सकाळी कार्यालयात आल्या आल्या तिने ढग उघडून विहिरी मोजल्या. त्या एकशे त्रेसष्ट होत्या.

तिने पुन्हा मोजल्या. मग यादी वाचली. 'पिंपरणी'च्या खाली 'पिंपरणी, इंदूबाईंची प्रत' होती. तिच्याखाली 'पिंपरणी, सुलोचनाची प्रत (जुळत नाही)'. बोरखेडच्या चार झाल्या होत्या. दोघींनी एकाच वेळी एकाच विहिरीत दोर टाकला की कुणाचं ओढणं खरं धरावं हे ढगाला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो दोघींना एकेक विहीर करून देत होता.

"वाढल्या की मग चांगलंच आहे," साहेब म्हणाले. "विभागाला कळवू. एक्कावन्न नवीन... नाही, बावन्न."

"पाणी वाढलेलं नाही, सर," गच्चीवरून उतरत रज्जाकभाई म्हणाले. त्यांची फीत भिजलेली होती आणि चेहरा कोरडा. "तेच पाणी वाटून बसलंय. इंदूबाईच्या विहिरीत कळशी बुडत नाही. आणि उद्या अजून होतील. असंच चाललं तर आठ दिवसांत घरटी एक विहीर होईल, आणि प्रत्येकीत वाटीभर पाणी."

केतकीने कॅलेंडर बघितलं. अहवाल जुळत नव्हता, सव्वीस तारखेला दहा दिवस होते, आणि हे सगळं तिनेच केलं होतं. जुन्या फोल्डरमध्ये निदान भांडण तरी नव्हतं. तिथे सगळे तिच्यावर रागवायचे, एकमेकांवर नाही.

दोन दिवस ती प्रती जोडत बसली. एक जोडली की दोन व्हायच्या. बुधवारी ती पाणी ओढल्याच्या जुन्या नोंदींवरून बोट फिरवत होती, तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिच्या संगणकात राहिलेली एकुलती एक विहीर बाकीच्यांसारखी नाही. तिथे सहा वर्षांत एकदाही दोन दोर एकत्र पडलेले नाहीत. खडकमाळ.

"रज्जाकभाई, जीप आहे का?"

"आहे. पण मॅडम, तुम्ही तिकडं गेलात की मशीन झोपणार. आणि मशीन झोपलं की खडकमाळचं पाणी जाणार. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा विहीर कोरडी, आणि काठावर हौसाक्का."

शेवटी त्या दुपारपुरते केतकीच्या खुर्चीत साहेब स्वतः बसले, पासवर्डची चिठ्ठी खिशात ठेवून. त्यांना दर चार मिनिटांनी माऊस हलवायचा होता. "नुसता हलवायचा ना?" त्यांनी तीनदा विचारलं. "काही दाबायचं नाही ना?"

खडकमाळ म्हणजे माळावरची सव्वीस घरं. विहीर घरांच्या मधोमध, आणि विहिरीच्या काठावर एक म्हातारी उभी, सत्तरीची, काठीसारखी सरळ. हौसाक्का खरमाटे. तिच्या हातात कागद नव्हता की वही नव्हती. ती नाव पुकारत होती आणि ज्या घराचं नाव येईल त्या घरची बाई पुढे होऊन दोर टाकत होती. बाकीच्या मागे उभ्या राहून गप्पा मारत होत्या. कुणाचा दोर नुसता हातात लोंबकळला तरी हौसाक्का तिकडे बघायची, आणि दोर गुंडाळला जायचा.

"गडदे!" हौसाक्का ओरडली. केतकी दचकली. गडद्यांची सून पुढे झाली, कळशी सोडली, आणि ती अर्ध्यावर लटकून राहिली. पाणी नव्हतं.

"साहेब चहाला उठले वाटतं," रज्जाकभाई पुटपुटले.

"ही कोन?" हौसाक्काने विचारलं.

"आक्का, ह्याच त्या मॅडम. विहिरी यांच्याकडंच असतात."

हौसाक्काने केतकीला नखशिखांत न्याहाळलं. "एवढीशी हाय की! आन् तू हितं आलीस तर आमचं पानी कोन बघतंय तिकडं?"

"साहेब माऊस हलवतायत, आक्का. येईल आता."

पाणी आलं. कळशी बुडाल्याचा आवाज झाला, गडद्यांच्या सुनेने ओढून घेतली आणि हौसाक्काने पुढचं नाव पुकारलं. सगळी सव्वीस घरं होईपर्यंत केतकी मोजत राहिली.  सव्वीस दोर, एकामागोमाग एक.

मग काठावर बसून तिने संमतीचा विषय काढला. हौसाक्का पदराने तोंड पुसत ऐकत होती.

"मला एक सांग, मान वर करून पानी कोन पितं?"

"कोण?"

"कोंबडी. मानूस वाकून पितं. पर ते जाऊ दे, शिकंल मानूस. तुझ्या कागदात तो दुसरा शबुद हाय न्हवं, सामायिक? तेला माझी हरकत हाय."

"सामायिक म्हणजे सगळ्यांचं, आक्का."

"ते मला सांगू नको. माझ्या दोन दिरांची सामायिक हीर व्हती. सातबाऱ्यावर दोघांची नावं. एकोणीस वरीस कोर्टात गेली दोघं. ह्यो म्हनायचा आज माझं, त्यो म्हनायचा आज माझं. हीर बुजली, तवा कुठं कोर्टाचा निकाल लागला. सामायिक बांध बघितलाईस का कुठं नीट राखलेला? सगळ्यांचं म्हंजे कुनाचंच न्हाई, आन् भांडान मातूर सगळ्यांचं."

केतकीला वाटलं, आपण आता काहीतरी समजुतीचं बोलावं. परिपत्रकातलं एखादं वाक्य. पण तिच्या तोंडून खरं तेच बाहेर पडलं. "तसंच झालंय, आक्का. एकशे अकराच्या एकशे त्रेसष्ट झाल्यात. सगळ्या एकदम दोर टाकतात. मला जमत नाहीये."

हौसाक्का हसली नाही. "मग पाळी न्हाई लावली का?"

"नाही."

"पाळी न्हाई लावली आन् हीर सामायिक केली?" तिने रज्जाकभाईंकडे बघितलं. "शिकल्याली हाय म्हनं ही."

"पहिल्या वर्गात," रज्जाकभाई म्हणाले.

"आगं पोरी, हीर कुनाची का असंना. ती जमिनीत असू दे न्हाईतर तुझ्या मशीनमंदी असू दे. पाळी असली की ती हीर. न्हाईतर नुसता खड्डा, पान्यानं भरल्याला."

केतकीला ढगाचा परवानगीचा तक्ता आठवला. त्यात तिने सगळ्यांना 'ओढणारे' असं घातलं होतं, चौदा हजार घरांना, एका झटक्यात. 'पाहणारे' असाही एक रकाना होता, आणि 'मालक' असाही. तो तिने रिकामा सोडला होता, कारण मालक म्हणून कुणाचं नाव घालायची तिला भीती वाटली होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुम्ही एकशे बारा गावांची पाळी लावाल?"

"येडी झालीस का? मी सव्वीस घरांची बाई."

"घरांची नाही. तुम्ही फक्त गावांची नावं पुकारायची. एका वेळी एक गाव ओढणारं, बाकीचे पाहणारे. गावात पुढं त्यांची त्यांनी लावायची, तुमच्यासारखी."

"आन् माझा आवाज त्या पिंपरनीला कसा जाईल? बारा कोस हाय."

"वर टाकायचा. ढग सामायिक आहे. इथून टाकला तरी सगळीकडे पडेल."

हौसाक्काने विहिरीत वाकून बघितलं. आत पाणी हललं, थांबलं, पुन्हा हललं. साहेब प्रामाणिकपणे माऊस हलवत होते.

"पाळी माझी ऱ्हाईल," ती शेवटी म्हणाली. "साहेब बदलला, सरकार बदललं, तरी पाळी आमच्या काठावरनं. तसं लिव्हून दे. आन् अंगठा हितं देनार न्हाई. कचेरीत येऊन देईन. पानी कुठं चाललंय ते मला बघायचंय."

गुरुवारी केतकीने तसं लिहून दिलं आणि तक्त्यातल्या 'मालक' रकान्यात हौसाक्काचं नाव घातलं. शुक्रवारी सकाळी सात वाजता हौसाक्काने खडकमाळच्या काठावर उभं राहून, मान वर करून पहिलं नाव पुकारलं. "पिंपरनी!" एकशे बारा गावांत वरून आवाज पडला. पिंपरणीच्या बायकांनी दचकून कळशा उचलल्या. बाकीच्यांनी खाली ठेवल्या. बोरखेडच्या एका बाईने दोर भिरकावून पाहिला, तर तो ढगाला लागून परत आला, आणि वरून पुन्हा आवाज आला, "बोरखेडवाले! दम न्हाई का?" त्यानंतर कुणी प्रयत्न केला नाही. अशी एकेका गावाची पाळी संपली की त्या गावाच्या प्रती एकमेकींत मिसळून जायच्या. रज्जाकभाई शिडीवरून सांगायचे, "बोरखेड, एकच! पाच मीटर ऐंशी!"

सोमवारी यादीत एकशे अकरा विहिरी होत्या.

मंगळवारी रज्जाकभाई जीपने हौसाक्काला घेऊन आले. तिने आधी गच्चीवर जाऊन ढग बघितला, त्यात हात घालून बघितला, आणि "गार हाय" म्हणाली. मग खाली येऊन अंगठा दिला आणि केतकीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. केतकीने खडकमाळची विहीर वर नेली. रज्जाकभाई वरून ओरडले, "चार मीटर दहा!" खाली तेवढंच होतं. तिने अहवालातला पत्ता बदलला. आता फक्त इथली पुसायची राहिली होती.

संगणकाने विचारलं: 'हे कायमचे पुसायचे आहे का?'

केतकीचं बोट कळीवर थांबलं. एकशे अकरा वेळा तिने ती कळ दाबली होती, पण प्रत्येक वेळी मागे अजून विहिरी उरायच्या. ही पुसली की फोल्डर रिकामं. वरचा ढग उद्या विरला तर? जिल्ह्याने परत मागितला तर? डावी बाजू आधीच विरळ होती. इथे निदान सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. चौदा महिने ती या फोल्डरवर हात ठेवून बसली होती. हात काढला की काहीतरी होतं, एवढंच तिला माहीत होतं.

"आक्का, एक राहू देऊ का इथे? जुनी म्हणून. असावी जवळ."

"किती पानी हाय तिच्यात?"

"चार मीटर दहा."

"ते तर वर गेलं."

"हो."

"मग ह्यात काय हाय?"

केतकीने पडद्यावरचा आकडा बघितला.

"ह्यो आकडा हाय नुसता," हौसाक्का म्हणाली. "आमच्यात पानी गेल्याली हीर उघडी ठिवत न्हाईत, पोरी. ढोर पडतं, मानूस पडतं. आन् तू पडशील. रोज येऊन वाकून बघशील, ऱ्हाईलं का गेलं."

केतकीने कळ दाबली. फोल्डर रिकामं झालं. तालुक्यात काहीही झालं नाही. वरून कुणाचीतरी कळशी ओढल्याचा आवाज आला, नेहमीसारखा.

"झालं?" हौसाक्काने विचारलं.

"झालं."

"मग बंद कर की ते डबडं. कवाधरनं घोंगावतंय."

तिने संगणक बंद केला. दुपारचे सव्वाबारा वाजले होते. कुठूनही फोन आला नाही. टेंगसे साहेब दारात येऊन पाच मिनिटं उभे राहिले, मग आत गेले आणि त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली. शेरा लिहिला, 'एकशे बारा. मंजूर.'

सव्वीस तारखेला आईचं ऑपरेशन झालं. वीस मिनिटं लागली. पहिले दोन दिवस पेशंटला वॉर्डातच ठेवणार होते. केतकी दर दोन तासांनी घड्याळ बघून, पट्टी उचलून आईच्या डोळ्यात थेंब घालत होती, आणि आई दर वेळी म्हणत होती, "हात कापतोय गं तुझा." आणि दर वेळी थोडा कमी कापत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या माठात पाणी नव्हतं. आईला गोळी घ्यायची होती. नर्सबाई म्हणाल्या, नळाला नऊनंतर येतं. केतकी स्टीलचा तांब्या घेऊन गॅलरीत उभी होती, खाली कुठे दुकान दिसतंय का बघत. सात-चाळीस झाले होते.

वरून आवाज पडला. "खडकमाळ!" मग सवयीने घरांची नावं. गडदे, शेंडगे, वाघमोडे. केतकी ऐकत राहिली. सव्विसावं नाव झालं. आवाज थांबला, आता पुढचं गाव येणार म्हणून ती वळली, तेवढ्यात पुन्हा आला.

"दुधभाते!"

केतकी दचकली. तांब्या हातातून सुटता सुटता राहिला.

"दुधभाते हायती का? का पुढं जाऊ?"

"आहे!" ती ओरडली. सगळा वॉर्ड तिच्याकडे बघायला लागला. तिच्याकडे दोर नव्हता. तिने ओढणीचं टोक तांब्याच्या गळ्याला घट्ट बांधलं, दुसरं टोक मुठीत धरलं आणि गॅलरीच्या बाहेर वाकून, डोळे मिटून तांब्या वर भिरकावला. ओढणी ताणली गेली. तिने हळूहळू ओढून घेतली. तांब्या काठोकाठ भरला होता.

नर्सबाई औषधाची ट्रॉली घेऊन दारात उभ्या होत्या. "पाळी आहे का तुमची?" त्यांनी विचारलं.

"हो. खडकमाळमध्ये. सत्ताविसावी."

"मग ठीक आहे," नर्सबाई म्हणाल्या आणि ट्रॉली जायला जागा व्हावी म्हणून त्यांनी सलाइनचा स्टँड जरा बाजूला सरकवला.

केतकीने पेल्यात पाणी ओतलं. आईने गोळी घेतली, दोन घोट प्यायली, आणि पट्टी नसलेल्या डोळ्याने पेल्यात बघितलं.

"गार आहे गं," ती म्हणाली. "अजून दे."